आर्टिस्ट व्हिलेजचे फोटो काढताना: आराखड्यापासून फोटोओळीपर्यंत

नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या निवासी वसाहतीत कॅमेरा घेऊन गेलेल्यांचे फोटो पाहिले, की बहुतेकांत तेच ते असतं. एक जुनं पांढरं घर, उतरती कौलं, वर निळं आभाळ, समोर चिटपाखरू नाही. शेजारचं तीन मजली घर फ्रेमबाहेर ढकललेलं, वायरी सॉफ्टवेअरमध्ये पुसलेल्या आणि आठ मीटरचं अंगण अल्ट्रावाइड लेन्समुळे क्रिकेटच्या मैदानाएवढं झालेलं. फोटो देखणा असतो. पण वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी) इथे जे मांडलं, त्यातलं काहीच त्यात येत नाही.

कोरियांची मांडणी साधी होती. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जमीन, डोक्यावर स्वतःचं आकाश, ऐपत वाढेल तसं घर वाढवायची मोकळीक आणि सात-सात घरांनी वाटून घेतलेलं अंगण. हे सगळं घरांमधल्या अंतरांत आहे. अंतर खोटं दिसलं, की फोटोतला विचारही खोटा ठरतो. म्हणून खालच्या टप्प्यांत मोजमापावर इतका भर आहे. क्रम बदलू नका. बहुतेक चुका एकच टप्पा वगळल्याने होतात, आणि तो टप्पा म्हणजे पहिला.

## टप्पा १: घरी बसून दाव्यांचा तक्ता

कॅमेरा पिशवीत भरण्याआधी एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात वास्तुरचनाकाराने काय ठरवलं होतं (हाच दावा), दुसऱ्यात ते जागेवर कुठे दिसेल, तिसऱ्यात कुठे उभं राहून टिपायचं. या वसाहतीसाठी पहिल्या रकान्यात निदान एवढं हवं:

१. सात घरं, मध्ये साधारण ८ × ८ मीटरचं अंगण.
२. असे तीन गट मिळून २१ घरं, त्यांच्यात साधारण १२ × १२ मीटरची मोकळी जागा.
३. अशा तीन समूहांत मिळून साधारण २० × २० मीटरची जागा.
४. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटर. उत्पन्नात मोठी तफावत असली तरी जमिनीत फार फरक नाही.
५. दोन घरांत सामाईक भिंत नाही. शेजाऱ्याला न विचारता, त्याच्या घराला धक्का न लावता वर किंवा मागे वाढता यावं, हा त्यामागचा हेतू.
६. बांधकाम असं, की साध्या गवंड्याला आणि मिस्त्रीला जमावं.

वसाहतीचा आराखडा अनेक वास्तुशास्त्रीय प्रकाशनांत छापलेला आहे. त्याची ए-३ कागदावर प्रत काढा, सात घरांचा एक गट पेन्सिलीने गोल करा आणि उत्तर दिशा ठळक खुणेने दाखवा. आराखडा मोबाइलवर पाहून चालत नाही. जागेवर उन्हात पडदा दिसत नाही आणि कागदावर लिहिता येतं तसं त्यावर लिहिता येत नाही.

तपासा: तिसरा रकाना निम्म्याहून जास्त रिकामा असेल तर तुम्ही अजून आराखडा वाचलेला नाही, नुसता पाहिलाय. दाव्यापुढे «सुंदर कोपरा» असं काही लिहिलं असेल तर ते खोडा. तो दावा नव्हे.

## टप्पा २: महिना, तास आणि सूर्य

बेलापूर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे तीन गोष्टी ठरून जातात आणि लोक नेमक्या त्याच विसरतात.

पहिली गोष्ट म्हणजे इथे सूर्य बारा वाजता माथ्यावर येत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि नवी मुंबई ७३ च्या आसपास. त्यामुळे खरी मध्यान्ह वर्षभरात साधारण १२:२० ते १२:५० या दरम्यान सरकत राहते. सावल्यांचा हिशोब घड्याळाच्या बारावरून केला, तर तो अर्ध्या तासाने चुकतो.

दुसरी गोष्ट डिसेंबरची. २१-२२ डिसेंबरला मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. अंगणाच्या दक्षिणेकडचं घर ७ मीटर उंच आणि ती बाजू सलग बंद आहे असं धरलं, तर त्याची सावली तेव्हा ६.३ मीटर पडते. म्हणजे ८ मीटरच्या अंगणात जेमतेम पावणेदोन मीटरचा पट्टा उन्हात, तोही साधारण दहा ते सव्वातीन या वेळेतच, आणि दोन्ही टोकांना अरुंद. त्या आधी आणि नंतर जमीन सावलीतच. घरांमधल्या फटींतून येणारे उन्हाचे तुकडे वेगळे. ते या वसाहतीत फार सुंदर पडतात, आणि पाचव्या दाव्याचा पुरावा म्हणून टिपण्याजोगे आहेत.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेर सूर्य अगदी डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात, म्हणजे जूनमध्ये, तो मध्यान्हीला थोडा उत्तरेकडे कललेला असतो. उत्तरेच्या भिंतीचा पोत तिरप्या उन्हात हवा असेल तर हाच काळ. ढग असतील हे मात्र गृहीत धरा.

माझी शिफारस अशी: अंगणाचे फोटो ढगाळ दिवशी किंवा पूर्ण सावलीत काढा, भिंतींचे तपशील सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि दुपारी साडेचारनंतर. महिना ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. एक फेरी भर पावसातही करा. उतरतं छप्पर का आहे, पागोळ्या कुठे पडतात आणि अंगणातलं पाणी कुठे जातं, हे कोरड्या दिवशी कळत नाही.

सावधान: पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला तर काच धुरकटते. पिशवीची चेन बंदच ठेवून १५-२० मिनिटं थांबा. कापडाने पुसत बसलात तर पुन्हा पुन्हा धुरकटेल.

## टप्पा ३: पिशवीत काय हवं

थोडंच हवं. २४ मिलिमीटरची लेन्स (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १६), सोबत ५०. ट्रायपॉड, बुडबुड्याची लेव्हल, ५ मीटरचा टेप, होकायंत्र, छापील आराखडा, पेन्सिल. पोलरायझर फिल्टर घरी ठेवा. वाइड लेन्सवर तो आभाळाचा एक भाग गडद आणि दुसरा फिकट करतो, आणि तो डाग नंतर निघत नाही.

फोन असेल तर मुख्य कॅमेराच वापरा. तो बहुतेक फोनांत २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीचा असतो. ०.५ वाल्या कॅमेऱ्याला हात लावू नका. का ते टप्पा ५ मध्ये येतं.

ड्रोन नकोच. खाली लोकांची घरगुती अंगणं आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत, आणि नवी मुंबईचा विमानतळ जवळ असल्याने हवाई निर्बंधांचा प्रश्नही येतो.

## टप्पा ४: पहिली फेरी, कॅमेरा न काढता

सेक्टर ८ मध्ये पोचल्यावर पहिला पाऊण तास नुसतं चाला. आराखड्यावर खुणा करा: कुठलं घर मूळ रूपात दिसतं, कुठे माडी चढली, कुठे कौलं जाऊन स्लॅब आला, कुठे दोन घरांमधली फट पत्र्याने झाकली गेली. बरीच घरं आता मूळची राहिलेली नाहीत. हे बघून हिरमुसू नका. घर वाढावं म्हणूनच सामाईक भिंत टाळली होती. वाढलेलं घर हा आराखड्याचा पराभव नाही. तो पाचव्या दाव्याचा सर्वांत थेट पुरावा आहे, आणि तोच पुसून टाकणारे फोटो मला अप्रामाणिक वाटतात.

याच फेरीत माणसांशी बोला. ८ मीटरच्या अंगणात तुम्ही ट्रायपॉड लावता, तेव्हा तुम्ही सात कुटुंबांच्या ओसरीत उभे असता. रस्ता सार्वजनिक असला तरी अंगणाचा स्वभाव खासगी आहे. कॅमेरा पिशवीत असतानाच विचारा:

«काकू, या अंगणाचा फोटो घ्यायचाय. तुमचं दार त्यात येतंय. चालेल का?»

«दार» हा शब्द महत्त्वाचा. नेमकं काय येणार आहे ते कळलं, की लोक हो किंवा नाही स्पष्ट सांगतात. «एक फोटो काढू का?» या प्रश्नाला मिळालेला होकार डळमळीत असतो. फोटो विकायचे किंवा जाहिरातीत वापरायचे असतील तर तोंडी होकार पुरत नाही. ओळखू येणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी संमती घ्या.

तपासा: फेरी संपताना आराखड्यावर निदान एक अंगण असं हवं, जिथे तीन दारं एका फ्रेममध्ये येतात आणि त्या तिन्ही घरांनी होकार दिलाय. नसेल तर पुढच्या गटाकडे जा.

## टप्पा ५: अंतर मोजा, मग लेन्स ठरवा

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात.

कॅमेरा वर कलवला की भिंती आत झुकतात. म्हणून कॅमेरा सरळ, जमिनीला समांतर ठेवायचा. पण मग घराचा माथा फ्रेममध्ये बसायला मागे सरकावं लागतं, आणि आठ मीटरच्या अंगणात मागे किती सरकणार? याचं उत्तर अंदाजाने नाही, भागाकाराने मिळतं.

पूर्ण आकाराच्या सेन्सरवर कॅमेरा उभा धरला, तर मध्यरेषेच्या वर १८ मिलिमीटर सेन्सर असतो. १८ ला २४ ने भागा: ०.७५. आडवा धरला तर वर १२ मिलिमीटरच, म्हणजे ०.५. आता छपराचा माथा ७ मीटरवर आणि कॅमेरा दीड मीटर उंचीवर आहे असं धरा. फरक साडेपाच मीटर.

उभ्या कॅमेऱ्याला लागणारं अंतर: ५.५ ÷ ०.७५ = साधारण ७.३ मीटर.
आडव्या कॅमेऱ्याला: ५.५ ÷ ०.५ = ११ मीटर.
३५ मिलिमीटरची लेन्स उभी धरली तर: साधारण १०.७ मीटर.

अंगण ८ मीटर. समोरच्या घराच्या जोत्याला पाठ टेकून उभं राहिलात, तर कॅमेरा साडेसात मीटरवर येतो. म्हणजे २४ मिलिमीटर, उभा कॅमेरा, आणि घर जेमतेम माथ्यासकट बसतं. दुसरं काही बसत नाही. शिफ्ट लेन्स असेल तर आडव्या कॅमेऱ्यातही ती १२ मिलिमीटर वर सरकवून साडेपाच मीटरवरून काम होतं. पण ती महागडी लेन्स यासाठी विकत घ्यायची गरज नाही.

फोन साधारण २६ मिलिमीटरचा असेल तर सव्वाआठ मीटर लागतात. माथा थोडा कापला जाईल. कापला जाऊ द्या. तो मिळवायला ०.५ वर गेलात तर अंगण दुप्पट मोठं दिसेल, आणि अंगणाचा लहानपणा हाच तर इथला मुद्दा आहे. सात घरांतली माणसं एकमेकांना आवाज न चढवता ऐकू यावीत एवढं ते लहान आहे. अल्ट्रावाइडमध्ये हे नातं तुटतं.

सरळ कॅमेऱ्याचा आणखी एक परिणाम होतो. फ्रेमचा खालचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग नुसती जमीन होते. उभ्या २४ मिलिमीटरमध्ये पायांपासून दोन मीटरवरची फरशीसुद्धा दिसते. उंच इमारतींच्या फोटोत हा भाग कापून टाकतात. इथे कापू नका. ते अंगण आहे. घराबरोबर अंगणालाही एवढी जागा मिळणं या वसाहतीच्या बाबतीत अगदी योग्य आहे.

सावधान: कॅमेऱ्याची उंची प्रत्येक फोटोला बदलू नका. १.५ मीटर ठरवली की सगळी मालिका १.५ वर. ओट्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून दाखवायचं असेल तर १.१ मीटरची वेगळी मालिका करा, मिसळू नका.

तपासा: डोळ्यांनी सरळ वाटणारा कॅमेरा बहुधा सरळ नसतो. फ्रेमच्या दोन्ही टोकांना दाराची चौकट किंवा भिंतीची कड धरा आणि ग्रिडशी ताडून पाहा. एकच कड पाहिलीत तर फसाल, कारण जुनी भिंत स्वतःच कललेली असू शकते.

## टप्पा ६: फोकस आणि उजेड

२४ मिलिमीटर, एफ-८ (लेन्सच्या झरोक्याचा आकडा) वर फोकस साधारण अडीच-तीन मीटरवर लावलात तर सव्वा-दीड मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे अंगणात उभं राहून समोरच्या भिंतीवर फोकस करायची गरज नाही. तुळशीवृंदावनावर करा, नंतर ऑटोफोकस बंद करून ठेवा. एफ-१६ च्या पुढे जाऊ नका, तपशील मऊ पडतो.

उघड्या सावलीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ-८ आणि १/६० सेकंद हा सुरुवातीचा आकडा. थेट उन्हात तोच एफ-८ आणि १/४००. यातला फरक जवळजवळ तीन स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि अर्धी भिंत उन्हात, अर्धी सावलीत असेल तेव्हा हाच फरक फोटो खातो. तिथे ट्रायपॉडवर तीन फोटो घ्या: उणे २, शून्य, अधिक २. दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्समधलं कंपनरोधक ट्रायपॉडवर बंद ठेवा.

चुना दिलेली पांढरी भिंत फ्रेममध्ये जास्त असेल तर कॅमेरा ती राखाडी करतो. अधिक १ ने सुरुवात करा आणि हिस्टोग्रामचं (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचं) टोक उजव्या कडेला टेकत नाही ना, ते पाहा. टेकलं तर पोपडे, चुन्याचे हात, कुंचल्याचे पट्टे, सगळं गेलं. पन्नासच्या लेन्सने जवळून एखादी जुनी भिंत टिपलीत तर त्यात चुन्याचे थर सालीसारखे सुटलेले दिसतात, खालच्या थराचा रंग किंचित निळसर, त्याखाली गिलाव्याची खरखर. दरवर्षी घरच्याच माणसाने केलेली निगा त्या दोन इंचांत असते. तो तपशील सकाळच्या तिरप्या उन्हातच येतो. ऊन भिंतीला १५ ते ३० अंशांनी चाटत गेलं पाहिजे.

व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) ऑटोवर ठेवू नका. झाडांच्या हिरव्या सावलीत एका फोटोत भिंत गुलाबी, दुसऱ्यात हिरवट येते आणि मालिका फुटते. सावलीत ७०००, उन्हात ५५०० केल्विन असे दोनच आकडे ठरवा. फाइल रॉ ठेवा.

## टप्पा ७: फोटोंचा क्रम

१. आठ, बारा, वीस. तिन्ही आकारांच्या मोकळ्या जागा एकाच लेन्सने, एकाच उंचीवरून, प्रत्येक जागेच्या कडेला उभं राहून. तिन्हींत निदान एक दार किंवा एक उभा माणूस हवा. हे तीन फोटो शेजारी ठेवले, की घरगुती अंगणापासून वस्तीच्या चौकापर्यंतची पायरी कोणालाही न सांगता कळते. उरलेलं काही जमलं नाही तरी चालेल, पण ही मालिका चुकवू नका.

२. फट. दोन घरांमधल्या बोळासमोर मधोमध उभे राहा, कॅमेरा उभा. दोन्ही भिंती सारख्या रुंदीच्या यायला हव्यात. टेपने बोळाची रुंदी मोजून वहीत लिहा. नंतर आकडा आठवत नाही.

३. जोडी. एकाच गटातलं एक मूळ घर आणि एक वाढलेलं घर. दोन्हींना सारखंच अंतर, सारखीच लेन्स. दोन्ही फोटोंत जोत्याची रेषा फ्रेमच्या एकाच उंचीवर आणा. वाढलेल्या घराचा माथा कापला जाईल आणि तो कापला जाणं बरोबर आहे. त्यामुळे वाढ किती झाली ते दिसतं. माथा बसवायला मागे गेलात, की दोन्ही घरं सारखीच वाटू लागतात.

४. जे हरवलं. अंगणात गाड्या उभ्या असतील, फट बंद झाली असेल, झाडाखालची जागा कुंपणात गेली असेल, तर तेही त्याच शिस्तीने टिपा. घर वाढणं वेगळं आणि सात जणांची जागा एकाची होणं वेगळं. हा फरक फोटोत दिसला पाहिजे. मात्र कोणाच्या घराचा नंबर किंवा नावाची पाटी दिसू देऊ नका. दोष एका कुटुंबावर येतो आणि प्रश्न सगळ्या वस्तीचा असतो.

५. तपशील. दहाच्या आत ठेवा.

सावधान: छायाचित्रकार लुसिएन एर्वे यांनी १९४९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयला वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्या निवासी इमारतीचे एका दिवसात ६५० फोटो काढले आणि प्रिंट कात्रीने कापून काळ्या-पांढऱ्या तुकड्यांत इमारत मांडली. काँक्रीटच्या त्या प्रचंड वस्तुमानाला ते शोभलं. बेलापूरला तीच नक्कल केली तर काळ्या सावलीत नेमका बोळ गडप होतो. मालिका रंगीतच ठेवा.

## टप्पा ८: माणसं

रिकामं अंगण म्हणजे मापाशिवायचं अंगण. पण माणूस मुद्दाम उभा करू नका. सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळांत अंगण आपोआप भरतं: पाणी, शाळा, भाजी, गप्पा. ट्रायपॉड लावून थांबा. पहिली दहा मिनिटं सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. त्यानंतर बघत नाहीत.

चालणाऱ्या माणसाला १/१२५, खेळणाऱ्या मुलांना १/२५०. सावलीत यासाठी आयएसओ ४०० पर्यंत न्यावा लागेल, न्या. चेहरा नको असेल तर उजेड उतरल्यावर अर्ध्या सेकंदाचा शटर. चालणारा धूसर होतो, घर स्थिर राहतं. यात गर्दी करू नका, एक-दोन फोटो पुरे. मुलं असतील तर त्यांच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय चेहरा ओळखू येईल असा फोटो ठेवू नका, त्यांनी स्वतः हौसेने पोज दिली असली तरी.

## टप्पा ९: संगणकावर

क्रम असा: आधी लेन्सची विकृती काढा, मग उभ्या रेषा, मग उजेड, सगळ्यात शेवटी रंग. रंगाने सुरुवात केली की प्रत्येक पायरी दोनदा करावी लागते.

उभ्या रेषा सॉफ्टवेअरने जास्त ताणल्या तर घर उंच आणि बारीक होतं. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. अंगणात असतानाच टेपने एखादं दार मोजा. समजा ते ९० सेंटिमीटर रुंद आणि २१० उंच निघालं. पडद्यावर त्याच दाराची उंची भागिले रुंदी करा. समोरून घेतलेल्या फोटोत उत्तर २.३ च्या आसपास यायला हवं. २.६ आलं तर घर ताणलं गेलंय.

वायरी, पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, कपड्यांच्या दोऱ्या पुसू नका. सेन्सरवरची धूळ पुसा, तेवढंच. आभाळ बदलायची सोय आता प्रत्येक ॲपमध्ये आहे, ती इथे वापरणं म्हणजे दिशा आणि वेळ यांचा पुरावाच बदलणं.

## टप्पा १०: फोटोओळ

फोटोओळीशिवाय ही मालिका अपुरी आहे. प्रत्येक फोटोखाली हे हवं: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, लेन्स, कॅमेऱ्यापासून घराचं अंतर, आणि फ्रेममधलं काय मूळ, काय नंतरचं. नमुना:

«आठ मीटरच्या अंगणातून ईशान्येकडे, सकाळी ८:१०, २४ मिमी, अंतर ७.५ मी. डावीकडचं कौलारू घर मूळ. उजवीकडे वरचे दोन मजले नंतरचे. मधली फट दोन्ही घरांत अजून खुली.»

«मूळ» हा शब्द आराखड्याशी ताडून पाहिल्याशिवाय लिहू नका. कौलं दिसली म्हणून घर मूळ ठरत नाही. कौलं बदललेली असू शकतात.

फाइल तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. ज्यांनी होकार दिला त्यांना प्रिंट पोचवा. ६ × ८ इंचाची प्रिंट स्वस्तात होते, आणि पुढच्या वेळी त्याच अंगणात तुम्हाला उभं राहू देतात.

## हीच पद्धत दुसऱ्या इमारतींना लावताना

तक्त्याचा पहिला रकाना बदला, बाकी क्रम तोच.

अहमदाबादच्या एलआयसी वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी सर्वांत मोठं घर तळाला आणि सर्वांत लहान वर, गच्चीसकट ठेवलं. तिथे पायऱ्यांसारखी मागे सरकत जाणारी बाजू आणि जिना हे मुख्य विषय, आणि मजले वर लहान होत जातात हे समोरून नव्हे, कोपऱ्यातून कळतं. दोशींच्याच इंदूरच्या अरण्य वसाहतीत ओटा हा विषय, कॅमेरा १.१ मीटरवर आणा, कारण तिथली माणसं ओट्यावर बसलेली असतात.

चंडीगडचा सेक्टर साधारण ८०० × १२०० मीटर. तिथे चालत फेरी मारायला पाऊण तास पुरत नाही, अर्धा दिवस धरा, आणि कॅपिटॉल संकुलासाठी (विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय) परवानगीची चौकशी निघण्याआधीच करा. कॅपिटॉलच्या काँक्रीटपेक्षा सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरांची विटांची जाळी अवघड असते: आतून घ्यायची तर बाहेरच्या उजेडावर एक्सपोजर ठरवा आणि अधिक २ चा एक फोटो जास्त घ्या, नाहीतर जाळीअलीकडची खोली पूर्ण काळी येते.

मुंबईचं कांचनजंगा, कोरियांचीच निवासी इमारत, २८ मजल्यांचं. तिथे सरळ कॅमेऱ्याचं गणित करून पाहा: ८४ मीटर उंची, २४ मिलिमीटर उभी लेन्स, म्हणजे रस्त्यावरून ११० मीटर मागे जावं लागतं. पेडर रोडवर एवढी मोकळी जागा मिळत नाही. आधी समोरच्या बाजूच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीची परवानगी मिळवा, मग ट्रायपॉड उचला.